खणाचं घर: किल्लारीच्या भूकंपात लाकूड एकीकडे, भिंत एकीकडे

मराठवाड्यात जुन्या घराचं माप कुणी चौरस फुटांत सांगत नसे. "आमचं आठ खणांचं हाय," एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला घर डोळ्यांपुढे दिसायचं. वाटण्याही खणांतच व्हायच्या. थोरल्याला तीन, धाकट्याला तीन, आणि म्हातारी ज्याच्याकडे राहील त्याला उरलेले दोन. खण म्हणजे चार खांबांच्या मधली जागा. म्हणजे शेतकऱ्याच्या घराचा हिशोबच मुळात लाकडी सांगाड्याचा होता. दगडी भिंत त्या हिशोबात कुठेच नव्हती. ती सांगाड्याभोवती नंतर रचलेली असायची.

हे प्रकरण माझ्या आजोळच्या अशाच एका आठ खणी माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराचं आहे. घर लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जो पट्टा जमीनदोस्त झाला त्याच्या थोडं बाहेर असल्याने घर वाचलं, पण सहीसलामत नाही. मागची भिंत पोटाला फुगली, एक कोपरा उकलला, ओसरीचे दोन खांब कलले. पुढे पंचवीस-तीस वर्षं घर तसंच वापरात राहिलं. मामांनी मला बोलावलं ते पाडायचं कसं हे विचारायला. मी शिकलेला इंजिनिअर, म्हणजे जेसीबीचा भाव मला माहीत असणार असा त्यांचा समज. घर मोजायला सुरुवात केल्यावर माझा विचार बदलला.

बांधणी आधी नीट सांगतो, कारण किल्लारीबद्दल बोलताना "दगडमातीची घरं पडली" एवढ्यावरच सगळे थांबतात. ते खरं आहे, पण अर्धंच.

खांब जमिनीत पुरलेले नसतात. प्रत्येक खांबाखाली घडीव काळ्या दगडाचा तळखडा, त्यावर खांब नुसता उभा. त्यामुळे बुंध्याला ओल लागत नाही आणि वाळवीलाही वर चढायचं तर दगडावरून उघड्यावर चढावं लागतं. खांबाच्या डोक्याला चौकोनी कूस कोरलेलं. ते वरच्या हस्ताच्या, म्हणजे तुळईला टेकू देणाऱ्या आडव्या लाकडाच्या, खाचेत बसतं. हस्तावर तुळई, तुळईवर हातभर अंतराने कड्या, कड्यांवर फळ्या. ऐपत असेल तर हा कडीपाट सागवानी. नसेल तर कड्या बाभळीच्या, कडुनिंबाच्या, आणि फळ्यांच्या जागी चिरलेल्या लाकडाची किलचण. त्यावर पाला किंवा तुराट्या आणि सगळ्यांत वर पांढरी माती. आमच्या घरात ढाळजेचे (दाराजवळच्या बैठकीचे) नि ओसरीचे खांब सागाचे, हस्तांवर वेलबुट्टी. आतल्या माजघरात, जिथे पाहुणा जात नाही, तिथे मात्र बाभूळ. आजोबांच्या वडिलांना पैसा कुठे दाखवायचा ते बरोबर कळत होतं.

भिंती 3 फूट जाड. बाहेरून पाहिलं तर वाटतं, केवढा भक्कम दगड. प्रत्यक्षात ती एक भिंत नसतेच. बाहेरच्या बाजूने दगडांचा एक थर, आतल्या बाजूने दुसरा, आणि मधल्या पोकळीत कपच्या, गोटे नि चिखल. रानातून वेचलेला काळा दगड गोल, ओबडधोबड. घडवायला मजुरी लागते म्हणून फक्त दर्शनी तोंड ठोकून सपाट केलेलं. दोन्ही थरांना एकमेकांशी बांधणारा आरपार दगड जवळपास नाहीच. एवढी जाडी म्हणजे 3 फूट लांबीचा दगड शोधायचा, उचलायचा, बसवायचा. कोण करणार?

बाहेरच्या भिंतींना खिडकी नाही. उजेड येतो तो चौकातून आणि माळवदाला ठेवलेल्या साण्यातून, म्हणजे छताच्या झरोक्यातून. चुलीचा धूरही त्याच साण्यातून वर जातो. म्हणून माजघराच्या कड्या काजळीने काळ्या कुळकुळीत आहेत, आणि गंमत म्हणजे तिथेच कीड सगळ्यांत कमी.

आता माळवदाची माती. उन्हाळ्यात लातूरकडे पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा खाली माजघरात रांजणातल्यासारखा गारवा असतो तो या मातीमुळे. पण पहिल्या वळवाला कुठेतरी गळतंच. मग मृगाआधी चार पाट्या माती टाकायची, चोपायची, उतार काढून पन्हाळी मोकळी करायची. पुढच्या वर्षी पुन्हा चार पाट्या. वरची माती काढायला मात्र कुणी जात नाही. माझ्या आजोळी मी सहा ठिकाणी पहार घालून पाहिली. सरासरी 20 इंच निघाली.

हिशोब करून पाहू. आमचा एक खण साधारण 6 फूट बाय 9 फूट. त्यावर 20 इंच माती म्हणजे अडीच घनमीटर, वजन चार टन. आठ खणांवर मिळून बत्तीस-तेहेतीस टन. तीही कोरडी धरून, पावसात भिजलेली नव्हे. रात्री ज्याच्याखाली सगळं घर झोपत होतं ते हे ओझं.

घर शांत उभं असताना हे वजन खांब आरामात पेलतात. उभ्या भाराला लाकूड फार इमानी. प्रश्न येतो जमीन आडवी हलली की.

त्या रात्री गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले होते. 3 वाजून 56 मिनिटांनी धक्का बसला. तीव्रता 6.2 ते 6.4 मोजली गेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे 8,000 माणसं गेली, सुमारे 16,000 जखमी झाली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव ही नावं त्या सकाळी रेडिओवर पहिल्यांदा देशाने ऐकली. जगातल्या इतर भूकंपांच्या मानाने 6.2 हा आकडा काही फार मोठा नाही. एवढ्या धक्क्याला एवढी माणसं जाणं याचं उत्तर जमिनीखाली कमी आणि जमिनीवर जास्त सापडतं.

वर्षभर आधी, 1992 च्या ऑक्टोबरात, किल्लारीच्या आसपास हादऱ्यांची मालिकाच झाली होती. लोक काही दिवस बाहेर झोपले, मग हळूहळू घरात परतले. भूकंपाच्या धोक्याच्या नकाशावर हा सगळा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. 2002 साली नकाशा सुधारला तेव्हा पहिलं क्षेत्रच रद्द झालं आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा भूकंप महाराष्ट्राने पाहिलेला होता, पण तो "तिकडं, डोंगरात".

पाहणीला गेलेल्या अभियंत्यांनी एक गोष्ट आवर्जून टिपली. तीच मला या प्रकरणाचा गाभा वाटते. काही ठिकाणी चारी भिंती ढिगारा होऊन पडलेल्या आणि मधोमध खणांचा सांगाडा डोक्यावर माळवद घेऊन उभा. सगळीकडे असं झालं नाही. पुष्कळ घरांत सांगाडाही कोलमडला, आणि कोलमडला तेव्हा वरची माती भरल्या पोत्यासारखी खाली आली. पण जिथे लाकूड उभं राहिलं तिथेही माणसं मेली, कारण ती भिंतीच्या कडेला झोपलेली होती. अंथरूण नेहमी भिंतीलगतच पडतं.

भिंतीचं काय झालं ते सांगायला फार शास्त्र लागत नाही. हलायला लागल्यावर गोल दगड एकमेकांवरून घसरले, मधल्या कपच्या खाली बसल्या आणि पाचरीसारख्या दोन्ही थरांना बाहेर रेटू लागल्या. भिंत पोटाला फुगली. मग एक थर आत पडला, दुसरा गल्लीत. 3 फूट जाड, 10 फूट उंच भिंतीच्या एका फुटाचं वजन दीड टनाच्या पुढे जातं. गल्ल्या आठ-दहा फुटांच्या. समोरासमोरच्या दोन घरांच्या भिंती गल्लीत पडल्या की ज्यांना दारापर्यंत पोचता आलं त्यांचाही रस्ता बंद.

म्हणजे जाडीने ताकद दिली नाही. उलट घेतली. भिंत जितकी जाड तितका मधला भराव जास्त, तितकं वजन जास्त, तितका आरपार दगड मिळणं अवघड. भारतीय मानक 13828 अशा दगडी भिंतीची जाडी 450 मिलिमीटर, म्हणजे दीड फुटाच्या वर नेऊच नका म्हणतं, आणि दर 2 फूट उंचीला, 4 फुटांच्या आत आरपार दगड घाला म्हणतं. आमच्याकडे तीन फुटी भिंत ही खानदानाची खूण होती. छपरात किंवा पत्र्याच्या खोपटात झोपलेली गरीब माणसं त्या पहाटे बरीच वाचली. हे किल्लारीच्या बाजूला कुणालाही विचारा.

लाकडाचा दोष वेगळा, आणि तो दिसायला साधा आहे. खांब उभे, तुळया आडव्या, सगळे सांधे कूस-खाचेचे, आणि तिरपं लाकूड एकही नाही. खिळखिळी झालेली बाज आठवा. चारी पाय शाबूत, चारी गाते शाबूत, तरी धक्का दिला की समांतरभुज चौकोनासारखी कलते. सुतार तिला काय करतो? कोपऱ्यात एक तिरपी पट्टी ठोकतो. ही पट्टी बाजेला ठोकणारा सुतार घराच्या सांगाड्याला ती ठोकत नव्हता. कारण त्याच्या समजुतीत सांगाडा कलणार नाही हे बघायचं काम भिंतीचं होतं. आणि भिंत रचणारा गवंडी समजत होता की छत लाकडाने धरलंय, आपली भिंत नुसती आडोशाला. दोघांनी एकमेकांवर हवाला ठेवला.

काश्मीरच्या धज्जी-दिवारी घरात नेमकं हेच काम पुरं केलेलं दिसतं. लाकडी चौकटीत तिरपे तुकडे, मध्ये विटेचा किंवा दगडाचा पातळ भराव. 2005 च्या भूकंपात अशी घरं चांगली टिकली. तिथला सुतार काही जास्त हुशार होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या गावाला भूकंप वारंवार भेटत होता, आमच्याला पिढ्यान्‌पिढ्या भेटला नव्हता.

आमच्या घरात आणखी एक भानगड निघाली. भिंतीकडेचे खांब मोकळे नव्हते, ते भिंतीतच चिणलेले होते. आतून गिलावा, बाहेरून दगड, मध्ये खांब. दिसायला नीटनेटकं, पण त्या खांबाला वारा नाही आणि चिखलाची ओल कायमची. ओसरीच्या मोकळ्या खांबावर हातोडीने ठोकलं तर टणटण वाजत होता. मागच्या भिंतीतल्या एका खांबाचा गिलावा सोलून ठोकलं तर बद्द आवाज. पेचकस चार बोटं आत गेला. 1993 ला मागची भिंतच का फुगली याचं उत्तर तिथेच मिळालं. सांगाड्याचा मागचा पाय आधीच कुजलेला होता, सगळा भार भिंतीवर आलेला.

भूकंपानंतर काय झालं ते थोडक्यात. 52 गावं नव्या जागी वसवली गेली. घरं जमीनधारणेप्रमाणे 250, 400 आणि 750 चौरस फुटांची. खणांचा हिशोब तिथे संपला आणि चौरस फुटांचा सुरू झाला. कमी नुकसान झालेल्या गावांसाठी जागतिक बँकेच्या कर्जातून दुरुस्ती नि मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम आखला गेला. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यासाठी गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. त्या कार्यक्रमात सांगितलेले उपाय आजही बिनतोड आहेत. माळवदाची माती कमी करा, भिंतीला भोकं पाडून आकडेवाली सळई घाला नि काँक्रीट भरून आरपार दगडाचं काम त्याच्याकडून घ्या, छताखाली भिंतीला जाळी-सिमेंटचा पट्टा फिरवा, आणि खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपे आधार ठोका.

लोकांनी मात्र बऱ्याच ठिकाणी त्या पैशात जुन्या घराला हात लावण्याऐवजी एक नवी खोली बांधली, विटांची किंवा पत्र्याची. मी त्यांना दोष देत नाही. ज्याने दगडाखालून माणसं काढली त्याला "याच दगडाला चार सळया घाल" म्हणून सांगायचं कोणत्या तोंडाने? माझा राग आहे तो दुसऱ्या गोष्टीवर. दगडाच्या भीतीत लाकूडही बदनाम झालं. सागाचे खांब, कोरलेले हस्त, तुळया ढिगाऱ्यातून निघाल्या तशा मिळेल त्या भावाला गेल्या. आज शहरातल्या हॉटेलांच्या दर्शनी भागात असे खांब दिसतात तेव्हा मी आधी तळाशी वाकून पाहतो. तळखड्यावर घासल्याची खूण असली की समजावं, हा कुठल्यातरी ओसरीतला.

मामांना मी पाडू नका म्हटलं. त्यांनी भुवया वर केल्या. "तुला राहायचं नाही ना त्याच्यात," म्हणाले. मुद्दा बरोबर होता. मग ठरलं की मागचे दोन खण उतरवायचे आणि पुढचे सहा ठेवायचे. कुजलेल्या खांबासाठी हट्ट धरण्यात अर्थ नव्हता, आणि मागच्या भिंतीतून न्हाणीचं पाणी मुरत होतं ते वेगळंच.

काम माळवदावरून सुरू केलं. 20 इंचांची 8 इंच करायची. गड्यांनी टिकावाने माती सोडवली तशी कडेला थर दिसायला लागले, पातळ भाकऱ्या एकावर एक ठेवाव्यात तसे. काही थरांत जोंधळ्याची कणसं, एकात फुटक्या बांगड्या. सात ट्रॉल्या निघाल्या. पांढरी माती वाया जात नाही, सगळी शेतात गेली. त्या खालची फळी बहुतेक ठिकाणी कोरडी ठाक होती. सुरुवात करण्यापूर्वी मी माजघरातल्या सर्वांत वाकलेल्या तुळईखाली दोन टोकांना दोरी ताणून बांधली होती. तेव्हा तुळईचं पोट दोरीला टेकलेलं. शेवटची ट्रॉली गेल्यावर दोरी आणि तुळई यांच्यामध्ये माझं बोट मावत होतं. सागाने इतकी वर्षं दम धरला होता, ओझं उतरल्यावर तेवढा सोडला. बाकीचा बाक कायमचा आहे, तो जाणार नाही.

मग गावातल्याच सुताराकडून प्रत्येक कोपऱ्यात तिरपे आधार करून घेतले, उतरवलेल्या दोन खणांच्या कड्यांमधून. त्याने पहिल्या दिवशी विचारलं, "हे कशाला, शोभा जाईल ना हस्ताची." मी अंगणातली खिळखिळी बाज त्याला हलवून दाखवली. तो हसला आणि पुढे एक शब्द न बोलता कामाला लागला. सळया नि काँक्रीटचे आरपार तुकडे घातले पुढच्या आणि बाजूच्या भिंतींना. उकललेला कोपरा छातीपर्यंत उतरवून दीड फुटी जाडीने पुन्हा रचला, दोन्ही बाजूंच्या भिंतीत दगड गुंतवून. जाळीचा पट्टा आतून-बाहेरून फिरवला. इथे गवंड्याने एका रात्रीत जाळी न बांधताच गिलावा मारून टाकला आणि तो सगळा खरडून काढावा लागला, त्यात तीन दिवस गेले. माळवदावर फळ्यांवर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर 8 इंच माती.

मामी हे सगळं खालून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पातळ केलंस माळवद. मिरगात गळलं तर तू येणार हाईस का पुण्याहून?"

पुढच्या जूनमध्ये मामांचा फोन आला. सानं सोडलं तर कुठे गळलं नाही म्हणाले, साण्याच्या कडेने मात्र दोन थेंब येत होते. मग काय केलंत, विचारलं.

"काही नाही रे," म्हणाले. "चार पाट्या माती टाकली."